थाळीवरचा टोला

१९२९ साली अमेरिकेतला शेअरबाजार कोसळला आणि पाठोपाठ कारखान्यांना, पेढ्यांना, नाटकगृहांना कुलपे लागली. खिशात दमडी नाही, पण गळ्यात गाणे आहे, अशा मंडळींनी करावे तरी काय? न्यूयॉर्कच्या कॅपिटॉल थिएटरचा कारभार पाहणारे मेजर एडवर्ड बोज यांनी १९३४ साली डब्ल्यूएचएन या तिथल्या नभोवाणी केंद्रावर त्यांच्यासाठी एक दार उघडले : हौशी कलावंतांचा तास! पुढच्याच वर्षी मार्चपासून एनबीसीने तो देशभर ऐकवला. खर्च अर्थात एका कॉफीवाल्या कंपनीचा.

रविवारी रात्री आठ वाजले की घरोघर रेडिओभोवती कोंडाळे जमे. कोणी गाई, कोणी शीळ घाली, कोणी नकला करी. जमले तर टाळ्या. फसले तर थाळीवर टोला! शाळेतल्या तासासारखा ठण्णकन् आवाज, की उमेदवाराची रवानगी. गाण्याइतकीच लोकांना त्या टोल्याचीही ओढ असे. दुसऱ्याची फजिती घरबसल्या, फुकटात ऐकायला मिळाली तर कोण सोडतो, वाचकहो? विजेता मात्र श्रोतेच ठरवीत, टेलिफोन करून आणि पत्रे धाडून.

८ सप्टेंबर १९३५ रोजी होबोकेन गावचे चौघेजण गाऊन जिंकले. त्यांतला एकोणीस वर्षांचा पोरगा म्हणजे फ्रँक सिनात्रा! मेजरसाहेबांच्या फिरत्या मेळ्याबरोबर तो काही महिने गावोगाव हिंडला आणि मग आपल्या वाटेने निघून गेला.

सिनात्राची गोष्ट पुढे जो तो सांगू लागला. बाकीच्यांची कोण सांगणार? अर्ज आठवड्याला हजारोंनी येत. प्रत्यक्ष नभोवाणीवर जात ते जेमतेम वीस. उरलेल्यांच्या नशिबी थाळीचा टोलासुद्धा नसे. घरदार सोडून लांबून आलेल्यांपैकी कित्येकांजवळ परतीचे भाडेही उरत नसे. अशी माणसे न्यूयॉर्कच्या सरकारी मदतीच्या रांगेत दिसू लागली, तेव्हा कुठे परगावच्या अर्जांवर बंधन आले. बोजसाहेबांची वाणी मोठी मायाळू होती म्हणतात. असेलही, पण त्या मायेवर कॉफी खपत होती, आणि १९३६ पासून क्रायस्लरच्या मोटारी.

बोज १९४६ साली वारले. त्यांचे सहकारी टेड मॅक यांनी १९४८ मध्ये हा कार्यक्रम दूरचित्रवाणीवर नेला. तिथे तो १९७० पर्यंत चालला.