उतारा शाळेचा की जमिनीचा?

सोयाबीनची दुसरी कोळपणी परवा उरकली. रात्री पाऊस झालाय, रानात वापसा नाही, म्हणून आज शाळेचं बोलतो.

आमच्या तालुक्याच्या गावात तीन सरकारी शाळा. एक नगरपालिकेची, दोन जिल्हा परिषदेच्या. मागच्या आठवड्यात ग्रुपवर कुणीतरी त्यांचे नंबर लावले. माप एकच, शिष्यवृत्तीत किती पोरं चमकली. चौकातली पहिली, वस्तीवरची शेवटची. दुसऱ्या दिवशी वस्तीवरचे चार बाप दाखला मागायला उभे!

मला सांगा, काळ्या भारी रानातला उतारा आणि मुरमाड माळावरचा उतारा बघून कुणी वाण ठरवतं का? शाळेचं मात्र आपण तेच करतो. चौकातल्या शाळेत नोकरदाराची, दुकानदाराची पोरं. वरनं शिकवणी. वस्तीवर निम्मी पोरं ऊसतोड्यांची. दिवाळी झाली की आईबापासंगं कारखान्यावर, परत येतात उन्हाळ्यात. हंगामी वसतिगृह वेळेवर सुरू झालं तरच मागं राहतात. अशा पोराला बाईंनी वाचायला शिकवलं, ते कुठल्याच यादीत येत नाही.

मीही ही चूक केलीय. दोन वर्षांमागं पोरीला वस्तीवरनं काढून चौकात घातलं. एका वर्गात ५४ पोरं. सहा महिन्यांत तिची वही एकदाच तपासलेली दिसली. पुढच्या जूनला गुमान परत आणली.

तुलना जरूर करा, पण नीट करा. २००९ चा शिक्षण हक्क कायदा सांगतो, पहिली ते पाचवीला ६० पोरांपर्यंत २ शिक्षक, ९० पर्यंत ३. कागदावर दोन असतात. एक निवडणुकीच्या कामाला गेला की पाचही वर्ग दुसऱ्याच्या गळ्यात. म्हणून कागद नको, वर्गात जाऊन बघा. पाचवीच्या पोराला दुसरीचा धडा वाचायला द्या. 'असर'च्या पाहणीत हेच करतात. जूनला द्या, मार्चला परत द्या. मधला फरक तो शाळेचा उतारा. बाकीचा जमिनीचा.

आणि दाखला काढण्याआधी पुढचंही बघा. पोरं गेली की पट घटतो. पट घटला की शिक्षक जातो. २० च्या खाली आला की समूह शाळेची भाषा सुरू होते, २०२३ पासून ती आपण ऐकतोच आहोत. मग वस्तीवरच्या पोरींनी किती लांब चालायचं? चौकात पोरगं पोचवायला तुमच्याकडं गाडी आहे. ऊसतोड्याकडं नाही.

शाळा व्यवस्थापन समितीत ७५ टक्के पालक असावेत असं कायदाच म्हणतो. तुमच्या शाळेची शेवटची बैठक कधी झाली? त्यात तुम्ही होता का?

पटलं तर पुढं पाठवा. नाही पटलं तर खाली भांडा, पण आधी एक दिवस वर्गात बसून या.