करंटाला जात नसते, ड्युटी-चार्टला असते



आपल्या एका शिबिरात मी कारखान्यातल्या ड्राइव्हचा विषय काढला. एक शिकलेला मित्र म्हणाला, "अरे, हा काय चळवळीचा विषय झाला? करंटाला काय जात असते?" सगळे हसले. मीही हसलो. तेव्हा द्यायला हवं होतं ते उत्तर आज देतो.

बरोबर आहे गड्या. करंटाला जात नसते. तो ब्राह्मणाला सोडत नाही नि महाराला शोधत येत नाही. पण पॅनेलमध्ये हात कुणी घालायचा हे करंट ठरवत नाही, ते ड्युटी-चार्ट ठरवतो. काचेच्या केबिनमध्ये कोण बसणार, कायम कोण, ठेक्यावर कोण, ब्रश कुणाच्या हातात, हे त्याच्यावर लिहिलेलं असतं. जातीचं नाव न लिहिता लिहिलेलं असतं.

हे आजचं नाही. मुंबईच्या गिरण्यांत आपल्या माणसांना विणखात्यात घेत नसत. तुटलेला धागा तोंडाने ओढून जोडावा लागे, म्हणून म्हणे विटाळ! पगार जास्त होता त्याच खात्यात. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हा सवाल उभा केला. आता धागा गेला, तोंड गेलं. पण चांगल्या पगाराचं खातं त्यांचं नि धोक्याचं काम आपलं, ही वाटणी गेली नाही. गटारात उतरवायला जो माणूस शोधतात, तोच पॅनेलमध्ये हात घालायला शोधतात.

आता माझी गोष्ट. मी आयटीआय केलेला वायरमन. एमआयडीसीतल्या एका कारखान्यात होतो. मोठ्या ब्लोअरची मोटर ड्राइव्हवर चालायची. आत धूळ साचली, ड्राइव्ह सारखा ट्रिप व्हायला लागला. सुपरवायझर आला, "पाच मिनिटांत साफ करा, लाइन उभी आहे!" मी मेन स्विच पाडला. डिस्प्ले विझला. माझ्या हाताखाली ठेकेदाराचा एक पोरगा होता, आपल्याच वस्तीतला. मला दादा म्हणायचा. मी म्हणालो, "घाल हात, बंद आहे."

फाटकन आवाज झाला. पोराची दोन बोटं गेली. मनगटापर्यंत हात भाजला.

चौकशी झाली. अहवालात लिहिलं, 'कामगाराच्या निष्काळजीपणामुळे'. खाली साक्षीदार म्हणून माझी सही मागितली. मी केली. नोकरी जाईल म्हणून केली. लाज वाटते, पण लिहितो, कारण ती सही लपवून मला तुमच्यापुढे बोलायचा अधिकार नाही.

पोरगा निष्काळजी नव्हता. त्याला कुणी सांगितलं नव्हतं. मला पण कुणी सांगितलं नव्हतं. ड्राइव्हच्या झाकणावर इशारा होता, पण तो इंग्रजीत. म्हणजे वाचणारा केबिनमध्ये नि हात घालणारा पॅनेलपाशी.

म्हणून आता सांगतो, नीट ऐका. ड्राइव्ह ४१५ व्होल्टचा एसी करंट घेतो, आत त्याचा डीसी करतो, तो कपॅसिटरमध्ये साठवतो नि मग कापून-कापून हव्या त्या वेगाचा करंट मोटरला देतो. तो साठलेला डीसी ५५० व्होल्टच्या वर असतो. स्विच पाडला तरी कपॅसिटर भरलेला राहतो. डिस्प्ले विझला म्हणजे करंट मेला नाही. लहान ड्राइव्हला पाच मिनिटं, मोठ्याला पंधरा किंवा त्याहून जास्त. किती थांबायचं ते झाकणावर लिहिलेलं असतं, ते वाचून घ्या. आणि नुसतं थांबून भागत नाही. डीसीच्या प्लस-मायनस टर्मिनलवर मीटर लावून बघायचं. त्याआधी तो मीटर चालू लाइनवर तपासायचा, नंतर पुन्हा तपासायचा. बिघडलेला मीटरही शून्यच दाखवतो.

स्टॉपचं बटण म्हणजे बंद नव्हे. मोटर थांबते, टर्मिनल जिवंत राहतात. लाइट जाऊन आली की काही ड्राइव्ह आपोआप सुरू होतात. कंट्रोल रूममधला माणूस लांबूनही सुरू करू शकतो. म्हणून आयसोलेटर पाडायचा, स्वतःचं कुलूप लावायचं, चावी स्वतःच्या खिशात. चावी सुपरवायझरकडे दिली म्हणजे जीव त्याच्याकडे दिला. कंट्रोलचा २३० व्होल्टचा सप्लाय पुष्कळदा वेगळा येतो, तोही तोडा. वाऱ्याने पंखा फिरत असेल तर तोही अडवा. काही मोटरी फिरता फिरता उलटा करंट देतात. आणि अर्थिंगची वायर ढिली असेल तर कामाला हातच लावायचा नाही.

काही जण म्हणतील, हे तर मालकाचं काम. खरंय. १९४८ च्या फॅक्टरी कायद्यात लिहिलं होतं की चालत्या यंत्राजवळचं काम खास शिकवलेल्या माणसानेच करायचं, त्याचं नाव रजिस्टरात हवं, अंगावरचे घट्ट कपडे कारखान्याने द्यायचे. ते रजिस्टर तुमच्यापैकी किती जणांनी बघितलं? आता त्या कायद्याच्या जागी २०२० ची संहिता आली. कागद बदलला. कागद मागायला कुणी गेलं नाही तर तोही कपाटातच राहणार.

आणि आपलं पण एक पाप आहे. "आपली पोरं करंटाला भीत नाहीत!" असं आपण छाती फुगवून सांगतो. अरे, ही मर्दुमकी कुणाच्या फायद्याची? तुमच्या न भिण्यावर त्याची लाइन पंधरा मिनिटं आधी सुरू होते. त्या पंधरा मिनिटांचा नफा त्याचा नि बोटं आपली.

बाबासाहेब १९४२ ते १९४६ व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री होते. वीजही त्यांच्याच खात्याकडे होती. मजूर नि वीज, दोन्ही फायली एकाच टेबलावर! आणि आपण म्हणायचं की हा चळवळीचा विषय नाही? 'शिका' म्हणजे काय फक्त बी.ए.?

आपल्यात इंग्रजी येणारी पोरं आहेत. त्यांना माझं सांगणं आहे: कविता लिहा, जरूर लिहा. पण आधी त्या झाकणावरचा इशारा मराठीत करा. हिंदीतही करा, ठेक्यावर उत्तरेकडची पोरं आहेत, तीही बहुतेक आपल्यासारखीच. रविवारी विहारात एक जुना ड्राइव्ह उघडून ठेवा नि कपॅसिटर बोटाने दाखवा. कारखान्यात मागणी एकच ठेवा: कुलूप द्या, मीटर द्या, वेळ द्या. नाही दिलं तर हात नाही घालणार. एकटा म्हणाला तर उद्या गेटबाहेर. म्हणून एकट्याने नाही, सगळ्यांनी म्हणायचं.

तो पोरगा आता वस्तीत पानटपरीवर बसतो. अजून मला दादा म्हणतो. मी सही केली हे त्याला माहीत नव्हतं. हा अंक निघाला की पहिली प्रत त्यालाच देणार आहे.

हे पान फाडा नि पॅनेलच्या दाराला चिकटवा.

जयभीम.