लग्न वैशाखात, पेरणी मृगात


‘शेतकरी लग्नात उधळतो म्हणून बुडतो’, हे शहाण्यांचे म्हणणे खोटे आहे. १८७५ च्या दख्खनच्या दंग्यांची चौकशी करणाऱ्या आयोगानेही नोंदवले, की कर्जाचे कारण म्हणून लग्नखर्चाला नको तेवढे महत्त्व दिले जाते. आपल्याला बुडवतो तो कापसाचा भाव.

पण म्हणून मृगाच्या बियाण्याचे पैसे वैशाखात डीजेवर उडवायचे काय? जोतीराव फुल्यांच्या सत्यशोधक समाजाने १८७३ सालीच साधे लग्न लावून दाखवले. तो आपलाच वारसा. नाचणगावात आम्ही सांगतो : अंगणातला मांडव, घरची हळद, गावाची पंगत राखा. हुंडा, हॉल आणि सावकार दारातूनच परत पाठवा. सावकाराचा मिंधा कापसाच्या भावासाठी लढणार कसा?