बेट राखायचं, तर बांबूचंही बेट राखा

ऑगस्टात पाऊस जरा ओसरला, की माझे आजोबा कोयता घेऊन परसातल्या बांबूच्या बेटाकडे निघायचे आणि आम्ही पाच-सहा पोरं त्यांच्या मागे. अंगठ्याएवढा जाड, आतून पोकळ बांबू निवडायचा. दोन पेरांमधला वीत-दीड वीत तुकडा कापायचा. बारीक काठीला मूठ ठेवून दट्ट्या तासायचा, तो नळीपेक्षा एका तेफळाइतकाच आखूड. मग कच्ची हिरवी तेफळं. पहिलं दट्ट्याने ढकलत नळीच्या तोंडाशी घट्ट बसवायचं, दुसरं मागून सारायचं. मधे कोंडलेली हवा दबत जाते आणि फट्ट! पहिलं तेफळ समोरच्याच्या पोटरीवर, दुसरं त्याच्या जागी, पुढच्या बारासाठी तयार. दट्ट्या लांब झाला, तर दुसरंही बाहेर पडतं आणि फजिती होते. हवेचा दाब शाळेत शिकलो तो नंतर. आधी तो आम्हाला कोपराने कळला होता.

हा आमचा फोटाश. जुन्या गोव्याच्या धक्क्यावरून फेरीबोटीत बसलं, की मांडवी ओलांडून काही मिनिटांत आमचं दिवाडी बेट लागतं. तिथे पिएदाद गावी ऑगस्टच्या चौथ्या शनिवारी बोंदेरामचा उत्सव भरतो. नाव आलं ते निशाणाच्या पोर्तुगीज शब्दावरून. जुनी माणसं सांगत, की वाड्यावाड्यांत जमिनीच्या हद्दीवरून मारामाऱ्या व्हायच्या, रक्त सांडायचं. म्हणून पोर्तुगीजांनी हद्दीवर निशाणं रोवली, तर चिडलेले लोक दगड मारून ती निशाणंच पाडू लागले. आज बोंदेरामात आपण त्याच भांडणाची नक्कल करतो. निशाणं नाचवतो, लुटुपुटीची लढाई करतो. ज्या कुणी दगडाच्या जागी तेफळ आणलं, तो या बेटावरचा सगळ्यात शहाणा माणूस म्हणायचा. थोरांना न मिटवता आलेलं भांडण त्याने पोरांच्या हाती खेळ म्हणून दिलं.

बेटावरच्या पोरांना खेळ विकत आणायची सवयच नव्हती. उन्हाळ्यात काजूच्या बियांचे डाव, ओहोटीला खाजनशेतातल्या मानशीच्या पाणदारापाशी चिखलात पळापळी, धक्क्यावर लगोरी. घड्याळ कुणाकडे नव्हतं, म्हणून वेळ फेरीबोटीवर मोजायची: ती पलीकडे जाऊन परत येईपर्यंत एक डाव. पण या सगळ्यांत फोटाश वेगळा. लगोरी कुठेही खेळता येते. फोटाशला बांबू हवा, तेफळ हवं आणि दट्ट्या किती आखूड ठेवायचा हे ठाऊक असलेला एक म्हातारा हवा.

गेल्या वर्षी भाच्याला घेऊन बोंदेरामला गेलो. चित्ररथ होते, बँड होता, पाय ठेवायला जागा नव्हती. फोटाश शोधण्यात अर्धा तास गेला. मिळाला तो विकतचा, आणि सोबत तेफळांऐवजी कागदाचे बोळे. भाच्याने दोनदा उडवला आणि खिशातून मोबाइल काढला. त्याचा काय दोष? ज्याच्या बोटांना तेफळाचा तिखट वास कधी लागला नाही, ज्याची जीभ चुरचुरली नाही, दट्ट्या चुकीचा तासून ज्याची फजिती झाली नाही, त्याच्यासाठी ती नळी म्हणजे जत्रेतली आणखी एक वस्तू.

म्हणून, दिवाडीकरांनो, हे मागणं तुमच्याकडे आहे.

परस साफ करताना बांबूचं बेट मुळापासून काढू नका. तेफळीचं झाड काटेरी म्हणून नको झालंय, पण बांगड्याच्या कालवणाला तेफळं बाजारातून आणतोच ना आपण? कुंपणाच्या कोपऱ्यात एक झाड राहू द्या. नसेल तर या पावसात लावा.

ज्यांना फोटाश करता येतो, त्यांनी ऑगस्टातला एक रविवार द्यावा. तयार फोटाश वाटू नका. पाच पोरं बसवा आणि त्यांच्याकडून करवून घ्या. दोन बिघडू द्या, तिसरा वाजेल. शाळेतल्या मास्तरांनी आणि बाईंनी हस्तकलेचा एक तास यासाठी मोकळा ठेवावा.

डोळ्याला लागेल ही आयांची भीती खोटी नाही. आमच्या आजोबांचा नियम कडक होता: नेम कमरेच्या खाली, आणि ज्याने तो मोडला त्याचा फोटाश वर्षभर माळ्यावर. तोच नियम पुन्हा लावा.

उत्सव भरवणाऱ्यांनी एवढंच करावं: मिरवणुकीचा पहिला अर्धा तास पोरांना द्यावा. चित्ररथ मागे राहू देत, लाउडस्पीकर बंद असू दे. गर्दीला आधी ती फटफट ऐकू येऊ द्या.

आणि पणजीला, मुंबईला, आखातात, लिस्बनला गेलेल्यांनो, उत्सवाला वर्गणी धाडून सुटू नका. जमेल त्या वर्षी ऑगस्टात रजा काढा आणि मुलांना घेऊन फेरीबोटीत चढा. तुम्हाला दट्ट्याचं माप अजून आठवतं. तुमच्या मुलांना ते कुणीच सांगितलेलं नाही.

आजोबांचा कोयता माझ्याकडे आहे. गंजला होता, परवाच धार लावून आणला. तुमचाही माळ्यावरून काढा.