आधी शेवट शिकवा

मागे एका शालेय बुद्धिबळ स्पर्धेत अकरा-बारा वर्षांच्या एका मुलाचा डाव मी अखेरपर्यंत उभा राहून पाहिला. पहिल्या पंधरा चाली त्याने निव्वळ पाठांतराच्या बळावर झरझर केल्या, मधला डावही नेटाने खेळला, आणि अखेर पटावर दोन राजे, दोन हत्ती आणि सातव्या ओळीत जाऊन पोहोचलेले त्याचे एकुलते एक प्यादे एवढीच शिबंदी उरली. प्याद्याचा वजीर होण्यास एकच घर बाकी होते. परंतु त्या घरात त्याचाच राजा अडकून बसला होता, आणि त्या राजाने बाहेर पाऊल टाकावे तोच प्रतिपक्षाच्या हत्तीने मागून शह द्यावा, असा प्रकार दहा-बारा वेळा घडल्यावर मुलाने थकून बरोबरीसाठी हात पुढे केला.

तो डाव जिंकलेला होता. प्रतिपक्षाचा राजा दूर कोंडलेला असल्यामुळे आपला हत्ती आधी चौथ्या आडव्या ओळीत आणून ठेवावा, मग राजाने शह चुकवीत खाली उतरावे, आणि शेवटचा शह येताच तोच हत्ती मध्ये घालावा, एवढीच ती मसलत आहे. जाणकार तिला ‘पूल बांधणे’ म्हणतात आणि त्या रचनेला ल्युसेनाचे नाव देतात. वस्तुतः ल्युसेनाच्या १४९७ सालच्या पुस्तकात ती नाही, ती आढळते साल्विओच्या १६३४ सालच्या ग्रंथात. जवळजवळ चारशे वर्षे छापील स्वरूपात उपलब्ध असलेली ही विद्या त्या मुलाला कोणी दिली नव्हती, याचे मला मनस्वी वाईट वाटले.

हत्ती हे मोहरे रणात उशिरा उतरते आणि म्हणूनच बहुधा अखेरपर्यंत टिकते. त्यामुळे डावाच्या अंतिम अवस्थेत हत्ती-प्याद्यांचा प्रसंग इतर कोणत्याही प्रसंगाहून अधिक वेळा येतो. तेथे नुसता प्याद्यांचा जमाखर्च मांडून भागत नाही. १९२४ साली न्यूयॉर्कच्या स्पर्धेत तत्कालीन जगज्जेते कापाब्लांका आणि टार्टाकोव्हर यांच्यात झालेला डाव या दृष्टीने डोळ्यांसमोर ठेवण्याजोगा आहे. दोन्ही बाजूंची पाच-पाच प्यादी, एकेक हत्ती. आणि कापाब्लांकांचे एक प्यादे काळ्या हत्तीच्या माऱ्यात. सामान्य खेळाडू त्याच्या रक्षणाची तजवीज करीत बसला असता. कापाब्लांकांनी पस्तिसाव्या चालीस आपला राजाच पुढे काढला, ते प्यादे शहासह जाऊ दिले, पुढे दुसरेही तसेच जाऊ दिले, आणि एकेक पाऊल टाकीत तो राजा थेट शत्रूच्या राजासमोर नेऊन उभा केला. वाटेत काळ्याचे एक प्यादे सहज मारता येत होते. ते त्यांनी तूर्त मारले नाही, कारण त्या प्याद्याच्या आड उभे राहिल्याने काळ्या हत्तीचे शह अडत होते. शत्रूच्याच शिपायाला ढाल करून, सातव्या ओळीत ठाण मांडलेल्या आपल्या हत्तीच्या साह्याने त्यांनी मातेची धमकी निर्माण केली. मग गेलेली प्यादी व्याजासकट वसूल झाली आणि बावन्न चालींत डाव संपला. मोहऱ्यांच्या संख्येहून त्यांची कर्तबगारी मोठी, हा सिद्धांत मुलाच्या मनावर याहून स्पष्टपणे कसा ठसवावा?

दुबळ्या बाजूलाही या अवस्थेत आशेला जागा असते. एका प्याद्याने मागे पडलेल्याने आपला राजा त्या प्याद्याच्या वाटेत ठेवावा, आपल्या बाजूने तिसऱ्या ओळीत हत्ती पहाऱ्यास बसवून शत्रूच्या राजाला पुढे येऊ देऊ नये, आणि प्यादे त्या ओळीत उतरताच हत्ती पटाच्या दूरच्या टोकाला नेऊन मागून शहांचा सपाटा लावावा. फिलिदोरने १७७७ साली दाखविलेली ही बरोबरी आजही अभंग आहे.

यावर कोणी म्हणेल की, सात मोहऱ्यांपर्यंतच्या सर्व स्थितींची उत्तरे संगणकाने २०१२ सालीच काढून ठेवली आहेत, मग मुलांना ही तसदी कशाला? परंतु स्पर्धेत संगणक जवळ नसतो. तेथे असते ते टिकटिकणारे घड्याळ आणि स्वतःची समज. आरंभीच्या चाली पाठ करविण्याची आजची चढाओढ ती समज देऊ शकत नाही. डावाचा अभ्यास शेवटाकडून सुरू करावा, असे खुद्द कापाब्लांका आग्रहाने सांगत असत.

म्हणून वर्ग चालविणाऱ्या शिक्षकांना आणि फी भरणाऱ्या पालकांना माझी कळकळीची विनंती आहे : पहिल्या महिन्यात बत्तीस मोहरी मांडूच नका. दोन राजे, दोन हत्ती आणि एक प्यादे मुलांसमोर ठेवा, एकदा जिंकण्याच्या बाजूने आणि एकदा वाचविण्याच्या बाजूने त्यांना खेळू द्या, आणि उत्तर लगेच सांगू नका.