पहिली लाल ओळ धरा
गेल्या दशकात सातारा-सांगलीतल्या नागरी सहकारी बँकांना दहा लाखांवरच्या रोख व्यवहारांचा मासिक अहवाल दिल्लीच्या फायनान्शियल इंटेलिजन्स युनिटला एक्सएमएल फाइलीत द्यावा लागू लागला. मुदत पुढच्या महिन्याची १५ तारीख. फाइल स्कीमात, म्हणजे तिच्या ठरलेल्या रचनेच्या नियमांत, बसली नाही की पडद्यावर चुकांच्या लाल ओळींची रांग लागते आणि संगणकासमोरचा माणूस गांगरतो. त्याला माझं कळकळीचं सांगणं आहे, पहिली ओळ धरा. खालच्या बहुतेक तिच्यापोटीच आलेल्या असतात. फाइलची बांधणी धड आहे का हे आधी पाहा, स्कीमाचा प्रश्न त्यानंतरचा. सांगलीच्या हळद पेठेतल्या एखाद्या ‘अमुक & कंपनी’चं ते & चिन्ह फाइलीत जसंच्या तसं उतरलं, तर फाइल वाचणारा पार्सर तिथेच अडतो, कारण एक्सएमएलमध्ये त्या चिन्हाला स्वतःचं वेगळं काम नेमून दिलेलं आहे. मग तारखा. आपण ३१/०३/२०१५ लिहितो, स्कीमाचा तारखेचा प्रकार आधी वर्ष, मग महिना, मग दिवस मागतो, मध्ये आडव्या रेघा. जन्मतारीख ठाऊक नाही म्हणून टॅग रिकामा ठेवला तरी फाइल परत येते. रकाना ऐच्छिक असेल तर अख्खा टॅगच वगळावा लागतो. मूळ घटकाचीच व्याख्या सापडत नाही अशी तक्रार असेल, तर फाइलीतली नेमस्पेस स्कीमातल्या नेमस्पेसशी अक्षरन् अक्षर ताडून पाहा. आणि नोटपॅडमध्ये हातानं डागडुजी करू नका, पुढच्या महिन्यात तीच चूक पुन्हा समोर येते. दुरुस्ती चुकीच्या मुळाशीच झाली पाहिजे: माहिती चुकली असेल तर कोअर बँकिंगमधल्या खातेदाराच्या नोंदीत, नाहीतर फाइल तयार करणाऱ्या प्रणालीत.