साधन आणि साधना

१९१२ साली मुंबईतील एका घरात एक गृहस्थ कुंडीतल्या वाटाण्याच्या रोपासमोर कॅमेरा मांडून बसत असत. महिनाभराहून अधिक काळ त्यांचा हा नेम चालला होता. बी रुजले, कोंब मातीतून वर आला, पाने फुटली. आणि ती सारी वाढ हळूहळू फितीवर उतरली. पडद्यावर मात्र ते रोप पाहणाऱ्याच्या डोळ्यांदेखत वाढताना दिसे. हे गृहस्थ म्हणजे धुंडिराज गोविंद उर्फ दादासाहेब फाळके. या इवल्याशा चित्रपटाने त्यांच्या कौशल्याची खात्री पटली, त्यांना भांडवल मिळाले, आणि ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन चित्रगृहात त्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ लोकांपुढे आला.

त्या काळी चित्रपट काढणे ही सोपी गोष्ट नव्हती. फाळक्यांना विमापत्रे गहाण ठेवून लंडनला जावे लागले. तेथे त्यांनी ही कला शिकून घेतली आणि कॅमेरा विकत घेतला. कोऱ्या फितीच्या कडांना छिद्रे पाडण्याचे किचकट काम त्यांच्या पत्नी सरस्वतीबाई करीत. शिवाय चित्रपटात काम करणाऱ्या साऱ्या मंडळींचा स्वयंपाकही त्याच रांधीत. एवढे सायास केल्यावरही चित्रगृहाचा मालक तयार झाला, तरच चित्रपट लोकांना दिसणार!

आज काळ पालटला आहे. घरोघरी असलेल्या मोबाइल फोनमध्ये कॅमेरा आहे, ध्वनी टिपण्याची सोय आहे, आणि चित्रणाचे तुकडे कापून जोडण्याची साधनेही आहेत. २००५ साली यूट्यूब सुरू झाले आणि चित्रगृहाच्या दारात तिष्ठत उभे राहण्याची गरजही उरली नाही. एखाद्या लहानशा खेड्यात तयार झालेला तीन मिनिटांचा लघुपट त्याच दिवशी सातासमुद्रांपार असलेल्या मराठी कुटुंबाला पाहता येतो. पूर्वी ज्यांच्यापाशी पैसा नव्हता, त्यांचे म्हणणे पडद्यापर्यंत पोहोचतच नसे. आता ते पोहोचू शकते. हा बदल स्वागतार्ह आहे, यात शंका नाही.

परंतु साधन सुलभ झाले म्हणून साधनाही सुलभ झाली, असे मानणे ही मोठी चूक होय. लेखणी हाती आली म्हणजे कोणी लेखक होत नाही. त्याचप्रमाणे कॅमेऱ्याची कळ दाबली म्हणजे लघुपट होत नाही. समोर जे घडले ते टिपले, ती केवळ नोंद झाली. त्यातून काय सांगावयाचे आहे याचा विचार, काय ठेवावयाचे याची निवड आणि काय वगळावयाचे याचा विवेक, या तिन्ही गोष्टी जेव्हा एकत्र येतात, तेव्हाच त्या नोंदीचा लघुपट होतो.

समजा, एखाद्या मुलीने आपल्या गावच्या कुंभारावर लघुपट काढावयाचे ठरविले. तिने पहिल्याच दिवशी फिरत्या चाकाचे चित्रण करून ते जगापुढे ठेवले, तर चाक दिसेल. कुंभार दिसणार नाही. उलट, ती आधी दोनचार दिवस कॅमेरा न घेता त्याच्या अंगणात जाऊन बसली, तर तिला पुष्कळ गोष्टी समजतील. चाकावर येण्यापूर्वी माती चाळावी लागते, भिजवावी लागते, पायांनी तुडवावी लागते. मडकी सावलीत सुकवावी लागतात. आवा पेटविल्यावर त्यातील किती मडकी धड निघतील आणि किती तडकतील, ही काळजी कुंभाराच्या चेहऱ्यावर उमटलेली असते. ती काळजी पाहिली की लघुपटाचा विषय चाक नसून तो माणूस आहे, हे तिच्या ध्यानी येईल. मग ती तासाभराचे चित्रण करील आणि त्यातील तीनच मिनिटे ठेवील. स्वतः टिपलेले सुंदर दृश्यही, ते कथेला उपयोगी नाही म्हणून काढून टाकणे जिवावर येते खरे; पण साधना म्हणतात ती हीच.

विषय मोठा हवा, दूरदेशीचा हवा, असेही नाही. १८९५ साली फ्रान्समध्ये ल्युमिएर बंधूंनी जे पहिले चित्रपट दाखविले, त्यांतील प्रत्येक एका मिनिटाहूनही लहान होता; त्यांपैकी एकात तर कारखान्याच्या दारातून बाहेर पडणारे कामगार, एवढेच काय ते होते. १८९९ साली मुंबईत हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर यांनी टिपली ती कुस्ती. हे विषय रोजच्या जीवनातलेच होते. आजीच्या तोंडच्या ओव्या, आठवडी बाजार, पावसाची वाट पाहणारे शेत, हे सारे आज साधे वाटते. पण उद्या ते पाहावयास मिळेलच असे नाही. शिवाय आपल्या गावची बोली आणि आपल्या माणसांचे चेहरे गावच्या मुलांना जसे ठाऊक असतात, तसे बाहेरच्या कोणाला असणार?

या साधनेला आणखी एक अंग आहे. ते म्हणजे जबाबदारी. शाळेच्या स्नेहसंमेलनात एखादा मुलगा भाषण विसरतो, गोंधळतो आणि त्याला रडू कोसळते. जमलेले लोक क्षणभर हसतात आणि थोड्या वेळाने विसरूनही जातात. पण कोणी ते रडणे टिपून जगभर पाठविले, तर तो हशा कधी थांबतच नाही. ते चित्रण पुढे काढून टाकले, तरी तोवर किती जणांनी ते उतरवून घेतले, हे कोणास ठाऊक! धनुष्यातून सुटलेला बाण परत येत नाही. तो मुलगा कदाचित पुन्हा कधी रंगमंचावर पाऊलच ठेवणार नाही. म्हणूनच ज्याचा चेहरा दाखवावयाचा, त्याची संमती घेणे हा केवळ शिष्टाचार नव्हे, तर ते कर्तव्य आहे. लहान वयात तर आपले चित्रण जगापुढे ठेवण्याआधी आईवडिलांना किंवा शिक्षकांना ते दाखविणे यात कमीपणा नाही, शहाणपण आहे.

काही वडीलधाऱ्यांना हा सारा उद्योगच वेळेचा अपव्यय वाटतो. त्यांची भीती अगदीच निराधार नाही. आपला लघुपट किती जणांनी पाहिला, किती जणांना आवडला, हे आकडे दर घटकेला पाहण्याचा नाद लागला, की मूल लघुपट करीत नाही, आकड्यांची चाकरी करते. मग लोक ज्याला हसतील तेच दाखवावे, असा मोह त्याला होतो. तथापि या कारणासाठी कॅमेराच काढून घेणे म्हणजे शाई सांडते म्हणून दौत फोडण्यासारखे आहे. योग्य उपाय निराळा आहे. पाहणाऱ्यांची संख्या मोजण्याऐवजी, ज्याच्यावर लघुपट काढला त्याला तो प्रथम दाखवावा. कुंभार तो पाहून समाधानाने म्हणाला, की होय, माझे काम असेच आहे, तर त्या मुलीचे श्रम सार्थकी लागले. त्यानंतर तो दहा जणांनी पाहिला काय किंवा दहा हजारांनी पाहिला काय, त्याच्या खरेपणात उणेअधिक होत नाही.

दादासाहेबांना जी साधने मिळविण्यासाठी सर्वस्व पणाला लावावे लागले, त्यांहून कितीतरी सोयीची साधने आज मुलांच्या हाती आली आहेत. वाटाण्याला मात्र रुजावयास आजही तितकेच दिवस लागतात. ज्याला त्या रोपाजवळ धीराने बसता येते, त्याच्याच हाती कॅमेरा शोभतो.